मुठीचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. पोलादपूरजवळच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझी जागा. झाकण लागलं की अंधार. स्वयंपाकाच्या वेळी क्षणभर उजेड दिसतो, तेवढाच माझा दिवस.

त्या सकाळीही आनंदीबाईंनी तांदूळ मोजून सुपात घेतले, त्यातली एक मूठ काढून माझ्यात टाकली. लेक रेश्मा महाडला कामावर निघाली होती. ती म्हणाली, "आये, कर्जाचा शेवटचा हप्ता राहिलाय. आता तरी बंद कर ना ती मूठ."

"राहिलाय म्हंजे हाय ना अजून? जा तू, एसटी चुकंल."

झाकण लागलं. तो हात पुन्हा माझ्यात आला नाही. दुपारी त्या शेताच्या बांधावरच कोसळल्या. घरात शिरलेल्या रडण्यावरून मला ते आतूनच कळलं.

मी मूळचा तेलाचा. कशेडी घाटाखालच्या एका हॉटेलात रिकामा झालो, तेव्हा आनंदीबाईंनी मला मागून आणलं. महाडच्या पत्रेवाल्यानं माझं तोंड कापलं, कडा ठोकल्या, घट्ट झाकण करून दिलं. तेलाचा वास जाईना, म्हणून त्यांनी मला राखेनं घासून उन्हात ठेवलं.

पुढे एका पावसात घराची भिंत पडली. नवरा आधीच गेलेला. भिंतीसाठी बचत गटाचं कर्ज काढलं आणि मुठीची रीत सुरू झाली. शिजायला जाणाऱ्या तांदळातून आधी एक मूठ माझ्यात. तो तांदूळ श्रावणात काढायचा, म्हणजे दुकानातून उधारीवर आणायला नको. वाचेल ते हप्त्याला. डाळ आधी भिजत घालायची, म्हणजे गॅस कमी लागतो. बाजाराला जेवून जायचं, म्हणजे भजी खावीशी वाटत नाहीत.

शेजारची उज्ज्वला हसायची. "काय गो आनंदी, तांदळाला पन हप्ता लावलास काय?"

"लावला तर! ह्यो हप्ता माझ्याच घरात ऱ्हातो."

गटाच्या बैठकीत मला नेऊन सगळ्यांना दाखवलं. मग घरोघरी डबे आले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण पडलेली मूठ मला परत देता येत नाही. संध्याकाळी टोपाचा तळ खरवडल्याचा आवाज यायचा, तेव्हा पोटातला तांदूळ मला जड व्हायचा. माझं झाकण आतून उघडत नाही, मित्रांनो.

त्या गेल्यावर मला कोणी हात लावला नाही. दमट हवेनं झाकण गच्च बसलं, तांदळात पोरकिडे फिरू लागले. बाहेर तेराव्याच्या जेवणाचं बोलणं चाललं होतं.

भागोजीकाका, म्हणजे आनंदीबाईंचे दीर, म्हणाले, "सगळा गाव जेवला पायजे, पोरी. नायतर लोकं नावं ठेवतील. पैशाचं मी बघतो. पतपेढीवाला वळखीचा हाय."

रेश्मा उठून स्वयंपाकघरात आली. आईनं एवढी वर्षं जे फेडत आणलं, ते एका पंगतीत पुन्हा उभं राहणार होतं.

मग माझ्या झाकणाखाली उलथन्याचं टोक घुसलं. ती जोर लावत होती, मीही आतून लावत होतो असं मला वाटतं. झाकण सुटलं.

"काका, कर्ज काढायचं नाही. डब्यात आहे तेवढा भात. घरचे आणि वाडीतले जेवतील, पण पोटभर जेवतील."

"आन् बाकीचा गाव?"

"त्यांना चहा."

"चाय? आनंदीवयनीच्या तेराव्याला नुसता चाय?"

"ती असती तर त्यात साखर पन मोजून टाकली असती, भावजी," उज्ज्वला म्हणाली. रडवेल्या घरात कोणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी कोपऱ्यातलं सूप रेश्मापुढे सरकवलं.

तेराव्याला तांदूळ पाखडून, निवडून, धुऊन चुलीवर चढला. मी तळापर्यंत रिकामा झालो.

मित्रांनो, हप्ता आधी भरा, उधारी टाळा, लोकांच्या तोंडासाठी कर्ज काढू नका. फक्त बाजूला काढलेली मूठ कोणाच्या ताटातली आहे, ते एकमेकांना विचारत जा. मला तोंड होतं, पण विचारता आलं नाही.

पंगत बसण्याआधी रेश्मानं आईच्या नावाचं पान वाढलं. भाताचा ढीग केला, त्यावर आणखी वाढला. बाकीचे अंगणात होते. ती पानासमोर बसली आणि मोठ्यानं म्हणाली,

"आये, पोट भरलं म्हनायची मी, पन मला भूक असायची गो. तुला पन असायची ना?"