भुईनळ्याचा ज्वालामुखी

मालगुंडपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका हायस्कुलात इशरत मुकादम विज्ञान शिकवायची. संस्थेचे अध्यक्ष सखारामशेठ शाळेत येत ते फोटो काढून घ्यायला, आणि मुलांबद्दल बोलत ते समोर माईक असेल तरच, असं तिचं मत होतं. ते ती स्टाफरूममध्ये लपवतही नसे.

त्या वर्षी आपत्ती व्यवस्थापन सप्ताह आला आणि शेठांनी जाहीर केलं की मुलांना ज्वालामुखी शिकवायचा. पुण्याहून दर्शन नावाचा प्रशिक्षक बोलावला. इशरतने मीटिंगमध्ये सांगितलं की इथला ज्वालामुखी माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी थंड झाला. आपल्या पायाखालचा जांभा त्याच लाव्ह्यातून झालाय, तेवढं मुलांना सांगावं आणि मग दरड, वादळ, पूर यांकडे वळावं. गेल्याच पावसात घाटरस्ता दोनदा बंद पडला होता.

शेठांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, दरडीचा फोटो काय चांगला येतो?"

बाकीचे हसले. इशरत हसली नाही. एवढा पोकळ माणूस एवढ्या मोठ्या खुर्चीत मावतो कसा, हेच तिला कळेना.

कार्यक्रमाच्या दिवशी ती सभागृहात शिरली आणि थबकली. सभागृहाला दोन दारं होती, एक मागचं मोठं आणि एक बाजूच्या भिंतीतलं. बाजूच्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅनर ठोकला होता. त्यावर 'सज्ज राहू, सुरक्षित राहू' असं लिहिलं होतं आणि अक्षरांपेक्षा मोठा शेठांचा चेहरा छापला होता. बॅनरपुढे कुंड्या मांडल्या होत्या. दार मोकळं करा, असं ती शेठांना म्हणाली. एका दिवसाने काय होतं, असं विचारून ते पाहुण्यांकडे वळले. मग तिने आपल्या नववीच्या मुलांना बाजूच्या दाराजवळ बसवलं आणि सांगितलं की काही झालं तर दप्तरं सोडायची, मागे वळायचं नाही.

दर्शनबद्दलही तिचं मत झालंच होतं. गुळगुळीत दाढी, कॉलरला माईक, प्रत्येक वाक्यागणिक "बरोबर ना मुलांनो?" आपत्तीवर पोट भरणारा आणखी एक, असं म्हणून तिने त्याचा विषय मनातून संपवला.

थर्माकोलचा डोंगर मात्र झकास होता. दर्शनने सोडा आणि व्हिनेगर ओतलं, लाल फेस उतू गेला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेठांना तेवढ्याने समाधान नव्हतं. प्रमुख पाहुण्यांसमोर नुसता फेस बरा दिसत नाही म्हणून त्यांनी दिवाळीतला उरलेला भुईनळा आणून ठेवला होता. दर्शन नको म्हणाला. शेठांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि स्वतःच वात पेटवली.

ठिणग्या छतापर्यंत गेल्या. सगळे वा वा म्हणत असतानाच थर्माकोल वितळून पेटलं आणि मागचा झालरीचा पडदा धडधडू लागला. काळा, घशात टोचणारा धूर खाली उतरला.

सगळ्यात आधी उठले ते शेठ. पुढच्या सोफ्यावरून ते मधल्या वाटेने मुलांना बाजूला सारत मोठ्या दाराकडे धावले, त्यांच्यामागे पाहुणे, पाहुण्यांमागे संस्थेचे संचालक. त्यांच्या शाली एकमेकांत अडकल्या आणि तो सगळा मानाचा गठ्ठा दारातच तुंबला.

इशरतने कुंड्या लाथेने उडवल्या, बॅनर मधोमध टराटरा फाडला आणि कडी काढली. मुलं एकामागून एक बाहेर पडली. नववीमागून इतर वर्गही तिकडेच वळले. कोणी दप्तर घ्यायला थांबलं नाही. शेवटी तिने आत पाहिलं तर दर्शन अजून तिथेच होता. त्याने पडदा ओढून खाली पाडला होता आणि त्यावर वाळूच्या बादल्या रिकाम्या करत होता. त्याचे दोन्ही हात भाजले होते.

संध्याकाळी ती आरोग्य केंद्रात गेली. हातांना पट्ट्या बांधून तो बसला होता.

"मी दरडीवरच बोलणार होतो," तो म्हणाला. "त्यांनी ज्वालामुखीच हवा म्हणून सांगितलं. पण भुईनळा थांबवायला हवा होता. ते माझं चुकलं."

आपण त्याच्याबद्दल काय काय ठरवलं होतं ते इशरतला आठवलं. तिने त्याला सफरचंद सोलून दिलं आणि त्याला हात वापरता येईनात म्हणून भरवलंही.

दुसऱ्या दिवशी शेठ नववीच्या वर्गात आले. झालं ते सगळं आधीच ठरवलेलं प्रात्यक्षिक होतं, मुलांनी ते उत्तम पार पाडलं, कोणी विचारलं तर असंच सांगायचं, असं त्यांनी समजावलं. मागच्या बाकावरची अक्षया उभी राहिली. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मग बाजूचं दार का बंद केलं होतं?"

शेठांनी इशरतकडे पाहिलं, म्हणजे हिला बसवा. इशरत खडू हातात घेऊन उभी होती.

"उत्तर द्या शेठ," ती म्हणाली. "मुलं शिकायलाच बसलीत."

शेठांना काम आठवलं आणि ते गेले. उन्हाळ्यात इशरतची बदली संस्थेच्या सावर्ड्याजवळच्या शाखेत झाली. कारण कोणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

जाण्याआधी तिने मुलांना वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर नेलं. वर लाव्ह्यापासून झालेला कठीण जांभा, खाली मऊ चिकट माती; पाणी फटीतून आत गेलं की वरचा भाग घसरतो, हे तिने हात लावून दाखवलं. रस्त्यासाठी जिथे डोंगर उभा कापला होता, तिथे काठाला हातभर रुंद भेग पडली होती. अक्षयाने वाकून खाली पाहिलं. बरोबर खाली शेठांचं नवं घर होतं.

"त्यांना सांगायला हवं का?" तिने विचारलं. तिच्या सुरावरून तिला 'नको' ऐकायचं होतं, हे उघड होतं.

इशरतला क्षणभर तेच म्हणावंसं वाटलं. "हवं," ती म्हणाली. "चल, आत्ताच जाऊ."

शेठांनी दोघींना ओटीवर उभंच ठेवलं. भेगेबद्दल ऐकलं, "बघू" म्हणाले आणि फोन कानाला लावला. इशरतने ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडेही सांगितलं, मग सावर्ड्याला निघून गेली.

पावसाळा लागल्यावर अक्षयाचा फोन आला. शेठांनी मनावर घेतलं होतं. रोज संध्याकाळी ते आपली गाडी रस्त्यापलीकडे सुरक्षित जागी नेऊन लावत होते. म्हातारी आई, बायको आणि सून मात्र अजून त्याच घरात झोपत होत्या.