बहात्तर ठोके

कॉलेजच्या व्यायामशाळेतल्या गाद्यांना जो वास यायचा त्याला नाव नव्हतं. घाम, ओल, कुजलेली केळ्याची सालं आणि वरून शिंपडलेलं फिनेल, असं सगळं मिळून ते नाकात घुसायचं आणि घरी जेवायला बसलं की परत वर यायचं. मावशी तिथं चौदा वर्षं झाडलोट करत होती, तरी तिला त्याची सवय झाली नव्हती.

मावशी तिला सारं कॉलेजच म्हणायचं. खरं नातं लावायचा हक्क मात्र एकीचाच होता, चिमणीचा. मेलेल्या बहिणीची ही पोर तिनं पोटच्या मुलीसारखी वाढवली होती आणि आता ती त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती.

शेवटच्या वर्षाला आरोग्य आणि तंदुरुस्ती हा विषय सक्तीचा. त्यात पास झाल्याशिवाय पदवी नाही. शंभर दिवस रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून वहीत लिहायची, झोप किती झाली, खाल्लं काय तेही लिहायचं, आणि शेवटी मैदानाला सहा फेऱ्या धावायच्या. शिकवणारे सर दिवसभर एका गादीवर लोळलेले असत, म्हणून पोरांनी त्यांचं नावच गादी ठेवलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. वह्या तपासायचा कंटाळा, म्हणून ‘तपासले’ असा शिक्का त्यांनी मावशीच्या हातात देऊन टाकला होता. दर वर्षी झाडून झालं की ती गठ्ठा पुढ्यात ओढायची आणि धपाधप शिक्के मारायची. आत काय लिहिलंय ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. आपल्याला काय करायचंय, असं म्हणायची.

धावण्याच्या दिवशी सकाळी गठ्ठ्यात चिमणीची वही आली. पोरीचं अक्षर बघावं म्हणून तिनं ती हौसेनं उघडली. पहिल्या दिवशी एकशे आठ. मग एकशे बारा, एकशे दहा. असे बारा दिवस. त्याखाली लाल शाईत सरांचं अक्षर होतं, ‘चूक. बहात्तर लिहा.’ पोरीनंच घाबरून वही त्यांना नेऊन दाखवली असणार. पुढचे अठ्ठ्याऐंशी दिवस बहात्तर.

तिनं दुसरी वही उघडली. बहात्तर. तिसरी, बहात्तर. वर्गातल्या सगळ्या काळजांना एकाच हातानं चावी दिलेली. आणि प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर छापलेलं होतं की ठोके शंभरावर असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय धावू नये.

मावशीनं परत चिमणीची वही उघडली. गेले दोन महिने पोर जिन्यात बसून धापा टाकत होती, हातातला कप थरथरत होता, हाडं वर आली होती. आणि आपण काय म्हणालो? शिकून बाईसाहेब झालीस, काम नको म्हणून नाटकं करतेस. ते शब्द आठवून तिला स्वतःचीच किळस आली.

तिनं चिमणीला मैदानावरून बोलावून आणलं. बूट बांधून तयार असलेली पोर खालच्या मानेनं म्हणाली, “सगळ्यांचे बहात्तरच येतात गं मावशी. माझंच मोजायला चुकत असेल.”

मावशीनं तिला हाताला धरून सरांपुढं उभं केलं. सर गादीवर बसून उकडलेलं अंडं सोलत होते. परीक्षक दहाला येणार, आता कुठला डॉक्टर आणि कुठली चिठ्ठी, हे कोण निस्तरणार, असं ते तोंडात घास ठेवूनच म्हणाले. या पोरींना नाडी मोजता येते कुठं, असंही म्हणाले.

“मग तुम्ही मोजा,” मावशी म्हणाली.

सरांनी बोटं गादीलाच पुसली आणि चिमणीच्या मनगटावर अंगठा दाबला. पूर्वी कॉलेजात एक नर्सबाई यायची. तिनं मावशीला शिकवलं होतं की नाडी दोन बोटांनी बघायची, अंगठ्यानं कधीच नाही, अंगठ्यात आपलेच ठोके लागतात. आणि हा आरोग्य शिकवणारा माणूस अंगठा टेकवून खिडकीबाहेर बघत होता. घड्याळ त्याच्या पाठीमागं भिंतीवर होतं.

“बहात्तर,” सर म्हणाले. पोरीच्या मनगटावर अंड्याचा पिवळा डाग राहिला.

 मावशीनं तो डाग फडक्यानं पुसला, शिक्का कमरेला खोचला आणि पोरीला घेऊन दवाखान्याची वाट धरली. चिमणी वाटभर रडत होती. आज धावले नाही तर नापास करतील, वर्ष जाईल, एवढंच तिचं चाललं होतं. जाऊ दे, एवढंच मावशीचं.

डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं टेकवली, घड्याळाकडं बघितलं आणि कपाळाला आठी घातली. एकशे अठरा. गळ्यातल्या ग्रंथीचा, थायरॉईडचा आजार निघाला. औषधानं उतरेल, पण महिने लागतील, म्हणाल्या. आज धावली असती तर मैदानातून उचलून आणावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी मावशीनं डॉक्टरांची चिठ्ठी सरांपुढं धरली. त्यांनी ती उलटीसुलटी करून परत दिली. चिठ्ठी आधी आणायची असते, म्हणाले, मुलगी गैरहजर, म्हणजे नापास. मग शिक्का कुठंय, म्हणून विचारलं. वह्या तशाच पडल्या होत्या.

मावशीनं शिक्का काढून त्यांच्या पुढ्यात अंड्याच्या टरफलांत ठेवला. “जो वाचेल त्यानं मारावा.”

सर हसले. “चौदा वर्षं तुम्ही वाचून मारत होता का, मावशी?”

“नव्हते. त्याचीच तर शिसारी येतेय.” तिनं बादली खाली ठेवली. “उठा आता. गादी उन्हात टाकायचीय.”

सर उठेनात, तेव्हा तिनं गादीचं टोक धरलं आणि ओढायला सुरुवात केली. ते धडपडत उभे राहिले, वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून. गादीखाली फरशी काळीमिट्ट, बुळबुळीत झाली होती आणि तिच्यात किडे वळवळत होते.

मावशीनं नाकाला फडकं बांधलं आणि खराटा घेतला.