यंदा घड नको

"जेसीबीवाल्याला सांगून ठिवलंय. आयतवारी येतो म्हनला," सुदर्शन फोनवर म्हणाला. "समदी द्राक्षाची बाग काढून टाकतो. पुढच्या साली सोयाबीन तरी पेरता येईल."

सुकन्याच्या हातातली पोळी तव्यावर वाकडीच पडली.

"हिरीला पानी किती हाय?" तिनं विचारलं.

"मोटार लावली की घडीभरात हवा वढती. आन् तू तिकडं. म्या एकल्यानं काय काय करू?"

तिनं तवा खाली उतरवला.

लातूरच्या ट्यूशन एरियात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, नवऱ्याला शेतावर ठेवून ती मुलीला घेऊन राहायला आली त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. राजश्री नीटची तयारी करत होती. इमारतीत अशा पुष्कळ आया होत्या. कुणी उदगीरची, कुणी देगलूरची. मुलं क्लासला गेली की त्या जिन्यात बसून गावाकडच्या म्हशींची चौकशी फोनवर करायच्या. सुकन्याला जिनाही नको वाटे आणि खोलीही. लहानपणी भूकंपात ती दगडमातीच्या घराखाली पहाटेपासून दुपारपर्यंत अडकून पडली होती. तिला जिवंत काढलं. आईला काढलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर छपराखाली तिला कधी निवांत झोप लागलीच नाही. लग्न होऊन औशाजवळ सासरी आली, तेव्हा द्राक्षाच्या मांडवाखाली मात्र तिचा जीव घाबरा होईना. वर पानं होती आणि पानांतून आभाळ दिसत होतं.

मग ती बागेचीच झाली. पाऊस दगा देऊ लागला, सासऱ्यांनी लावलेल्या वेली एकेक करून वाळू लागल्या, तेव्हा सोलापूरकडून आलेल्या मजुरांच्या टोळीतल्या नागम्माकडून ती कलम बांधायला शिकली. खाली रानटी वेलीचा खुंट, ज्याच्या मुळ्या खोल जातात, आणि वर आपल्या द्राक्षाची काडी. विहिरीखालच्या तुकड्यात तिनं अशा वेली उभ्या केल्या. ओल टिकावी म्हणून बुडाशी उसाचं पाचट अंथरलं. "आमची सून बागेला अंथरून घालती," असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. सांगताना हसायचे, पण स्वतःच पाचटाचे भारे आणून टाकायचे.

संध्याकाळी राजश्री क्लासहून आली. आईचा चेहरा बघून तिनं सगळं काढून घेतलं.

"आई, तू जा ना गावाकडं. मी मेस लावते."

सुकन्यानं तिचं दप्तर उचलून खुंटीला लावलं. मागच्या छाटणीला ती अशीच चार दिवस गेली होती. परत आली तेव्हा डबे न उघडता पडलेले होते आणि पोरगी न्हाणीघरात नळ सोडून बसली होती, रडणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

"आयतवारी जाते आन् सांजच्याला येते," ती म्हणाली.

ती पोचली तेव्हा जेसीबी वरच्या तुकड्यात शिरला होता. सासऱ्यांच्या हातच्या वेली तारांसकट उपटून बांधावर पडत होत्या. ती तशीच आपल्या कलमांच्या खालच्या तुकड्याकडे गेली. छाटणीनंतर इथं कोवळी फूट आली होती. प्रत्येक फुटीवर हिरव्या मोहरीएवढ्या कळ्यांचे बारके घड लागले होते.

सुदर्शन मागून आला.

"वरचं जाऊ द्या," ती म्हणाली. "तिथं आता जीव न्हाई. पर हे ऱ्हाऊ द्या."

"घड धरले की पानी लागतं. कुठून आनू?"

"यंदा घड नको. समदे काढून टाकू. वेल तेवढी जगवू."

"घड न्हाई तर बाग कशाला म्हनायचं तिला? लोक हसतेल."

"हसू द्या. वेलच मेली तर पुढं बी काई यायचं न्हाई."

तो बांधावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला काय हौस हाय का मोडायची?" तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळी उठावं, फवारा, पानी, काडी. घरी यावं तर बोलाया मानूस न्हाई. दार उघडं टाकून बसून ऱ्हातो."

सुकन्या त्याच्याशेजारी बसली. तिला म्हणायचं होतं, मी येते. शब्द ओठापर्यंत आले आणि न्हाणीघरातला तो नळ तिला ऐकू आला.

"फोनवर सांगत जाईन," ती म्हणाली. "जसं जमंल तसं करा."

ती उठली आणि पहिल्या वेलीपासून घड खुडायला लागली. कोवळे देठ बोटात सहज तुटत होते. थोड्या वेळानं सुदर्शन पलीकडच्या ओळीत उभा राहिला. दोघं खुडत गेली. पाचटावर हिरवा सडा पडला. बोटं काळपट झाली. बसची वेळ झाली तेव्हा निम्म्याही ओळी झाल्या नव्हत्या.

"उरलेलं म्या करतो," तो म्हणाला. "जा तू. पोरगी एकली हाय."

हिवाळा सरला आणि उन्हाळा कडक लागला. लातुरात टँकरमागं रांगा लागल्या. तिकडे विहीर उपसून मिळेल तेवढं पाणी सुदर्शन ठिबकनं वेलींच्या बुडाशी सोडत होता. वर आणखी पाचट टाकत होता. आसपासच्या दोन बागा वाळून गेल्या. यांच्या वेली पानं गाळून, वाळल्यासारख्या, पण तग धरून राहिल्या.

एप्रिलमध्ये एका दुपारी राजश्रीनं पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं, "यंदा नंबर नाही लागला तर रिपीट करावं लागंल, आई. तू ऱ्हाशील?"

"ऱ्हाईन की," सुकन्या म्हणाली आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढली.

तेवढ्यात सुदर्शनचा फोन आला. उन्हाळी खरड छाटणीला लागलोय, काडीवर फुटीसाठी किती डोळे राखू, एवढंच त्याला विचारायचं होतं. तिनं सांगितलं. "बरं," म्हणून त्यानं फोन खिशात टाकला, पण बंद करायला विसरला. पाचटावरून चालल्याचा आवाज आला. मग कात्री चालू झाली, एका वेलीवरून दुसरीवर. सुकन्यानं फोन कानापासून काढला नाही. कात्री थांबली की मेथी निवडणारी तिची बोटंही थांबत. पुन्हा सुरू झाली की ती पुढची काडी उचले.