बेटावरचा नवरदेव

या, असे जवळ सरका. निरूपण झालं, आरती झाली, कपाळी बुक्का लागला. आता प्रसादाची परात फिरेपर्यंत एक गोष्ट ऐकून जा. हसण्याची आहे, म्हणून देवाला वर्ज्य आहे असं समजू नका. ज्या देवाचं लग्न आपण दर साली तुळशीशी लावतो, त्याला झाडाच्या लग्नाचं वावडं कसं असेल?

मालगुजारी गेली, त्याच्या पुढल्या सालचा जेठ. नानाजी मालगुजारांची गावं सरकारात जमा झाली. वैनगंगेच्या मधोमधचं बेट तेवढं घरची बाग म्हणून राहिलं. आणि बाग तरी कशी! नानाजी तरुणपणी सागवानाच्या व्यापारात कलकत्त्यापासून मलबारापर्यंत हिंडले. लोक परमुलखातून बायकोला लुगडं आणतात. हा माणूस ओल्या गोणपाटात गुंडाळून रोपं आणी. एका झाडाचा बुंधा बाटलीसारखा, पोट सुटलेल्या सावकारासारखा फुगलेला. एकाची पानं पंख्यासारखी, इतकी रुंद की खाली अख्खं भजनी मंडळ बसावं आणि मृदंगालाही सावली मिळावी. एकाचे देठ लाखेसारखे लालबुंद. सुपारीची सडसडीत रांग. आणि बेटाच्या टोकावर, नदीवर वाकून पाहणारा, उंचच उंच नारळ. गावाच्या लेखी या सगळ्या विलायती शिंद्या. "मालकानं येवढं शिंदीबन लावलं, अन् ताडी थेंबभर नाई," असं लोक म्हणत आणि उसासा टाकत.

रोपं आणली नानाजींनी, पण वाढवली त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी. चैत्र-वैशाखात नदीच्या घागरी वाहिल्या, थंडीत पेंढा पांघरवला, वादळात नारळाचं कोवळं खोड आपल्या लुगड्याच्या काठानं खुंटाला बांधलं. पोटी मूलबाळ नव्हतं. माणसं वाईट नव्हती हो, पण कुणाच्या घरी नवरीला हळद लावायची वेळ आली की कोणीतरी मऊ आवाजात म्हणे, "मोठ्याबाई, तुमी जरा चुलीकडं पाहा." आणि सुगंधाबाई चुलीकडं पाहत.

त्या साली नारळाला घोस धरला. झाडीपट्टीत नारळ फळला, ही बातमी नदीवरच्या डोंग्याडोंग्यानं दोन्ही काठांवर पोचली. पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे: नव्या बागेचं लग्न लागल्याबिगर मालकाच्या घरानं पहिलं फळ तोंडात घालायचं नाही. आंब्याला चमेली देतात. नारळाला कोण द्यायची?

लटारूबुवा कीर्तनकारांना विचारलं. बुवा असे, की नुसतं जेवायला बोलावलं तरी पूर्वरंग सांगूनच पाटावर बसत. ते म्हणाले, "नारळ हा शिंदीच्या भावकीतला. भावकीत सोयरीक होत नाई. पल्याडची पोरगी पाहा."

पल्याड म्हणजे पूर्वेच्या काठावर, जंगलात. तिथल्या गोंड वाडीत गोरग्याची झाडं. ताडाच्याच जातीचं झाड, पण घरच्या माणसासारखं सांभाळलेलं. डोंगेवाला सुकलू निरोप घेऊन गेला. पोचू आणि त्याची म्हातारी माय बुधरी यांनी आपल्या गोरग्याखालचं एक रोप लेक म्हणून द्यायचं कबूल केलं. सोयरीक ठरली: नारळ नवरदेव, गोरगी नवरी.

आता वरमाय कोण? सुगंधाबाईंची धाकटी जाऊ कमळा पदर खोचून म्हणाली, "त्यात इचारायचं का? मी चार लेकरांची माय आहो. नवरीले मीच उतरवून घेईन." नानाजींनी आपल्या वहाणांकडं पाहिलं. सुगंधाबाई म्हणाल्या, "बरं."

बरं म्हणाल्या खऱ्या. पण त्यांना फळ नको होतं, मान नको होता. सून काठावर उतरेल तेव्हा नारळाची माय म्हणून समोर उभं राहायचं, एवढी एकच आस होती. ती गिळून त्या लग्नाच्या दिवशी बेटावर चुलीपाशी बसल्या आणि वरणाच्या गंजात पळी फिरवू लागल्या.

काय तो दिवस. बागेतला गडी लच्छू, त्यानं कमरेला दोर बांधून नारळावर चढून नवरदेवाला बाशिंग बांधलं. तो खाली उतरतो न उतरतो, तोच एका वानरानं बाशिंग सोडून स्वतःच्या डोक्यावर धरलं आणि सुपारीवर जाऊन बसलं. लच्छूनं हुसकावून ते परत मिळवलं आणि पुन्हा नारळावर चढला. बाटलीच्या झाडाला करवला म्हणून फेटा बांधला, तर फेटा पुरेना, दुसरा जोडला. सनईवाल्याला हसू आवरेना, मग सनई कुठली वाजते.

ऊन कलतं झालं, आणि पल्याडच्या पाण्यावरून ढोल ऐकू आला. एकमेकांना बांधलेले डोंगे, त्यात नाचणारी माणसं, डोक्याला मोरपिसं, मधोमध नव्या टोपल्यात हळदीनं पिवळं केलेलं इवलंसं रोप. डोंगे असे डुलत होते की जणू नदीच ठेक्यावर आली होती.

कमळेनं औक्षणाचं ताट खाली ठेवलं. "हे का होय? वाजतगाजत येऊन राह्यले. वरात तर नवरदेवाची असते."

तिचा नवरा गुणवंतराव म्हणाला, "शब्द फिरवला यांनी. आता म्हनतीन, पोरगा आमचा अन् तुमीच पोरीकडचे."

"मंग येऊ द्या त्यांनाच. वरमाय पानी तुडवत जात नाई. पाया पडत येतीन तवा उठीन."

डोंगे काठाशी लागले. पण एकही माणूस उतरेना. त्यांनी ढोल वाजवला, थांबले, वाट पाहिली, पुन्हा वाजवला. काठावरच्यांनी सनई मोठी केली. बायकांनी गाणं उचललं: तुमची नवरी टोपल्यात मावते, आमच्या नवरदेवाच्या फुलात झोपते. डोंग्यातून गोंडीत उत्तर आलं. शब्द कुणाला कळले नाहीत, पण कौतुक नव्हतं एवढं सगळ्यांना कळलं.

सुकलू कमरेइतक्या पाण्यात डोंगा धरून उभा. "एक सांगा गा कोनी," तो ओरडला, "धरून ठेवू का सोडून देऊ? हात तुटून राह्यले माहे."

लटारूबुवा सूर्याकडं पाहून घामाघूम झाले. "मालक, गोरज मुहूर्त चालला. हा गेला तर मंग दिवाळीनंतर. तवर नदी भरते, अन् घोस का राह्यते? वानरं बसलेच आहेत टपून."

नानाजी इकडून तिकडं, तिकडून इकडं. गुणवंतराव ढिम्म. कमळा ढिम्म.

चुलीपाशी पळी थांबली. सुगंधाबाई उठल्या. हात पदराला पुसले, कमळेपुढचं ताट उचललं.

"मोठ्याबाई, ताट ठेवा. तुमी काऊन..."

"तू बस कमळा. पोरगं तिकडं सकाळपासून उभं आहे."

आणि त्या काठ उतरून सरळ पाण्यात शिरल्या. घोट्यापर्यंत, पोटऱ्यांपर्यंत. ढोल थांबला. सनई थांबली. डोंग्यात मधोमध बसलेली बुधरी, टोपलं मांडीवर, डोळे बारीक करून पाहत होती. तिनं विचारलं, "सासू कोन?"

सगळं गाव मागं उभं होतं. सुगंधाबाईंनी निरांजनाला पदराचा आडोसा केला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, म्हणून उत्तर कुठं ठेवलंय तेही आठवेना. मग त्या म्हणाल्या, "मी. त्याची माय मी आहो."

"मंग केव्हाची कुठी होतीस बाई?" बुधरी म्हणाली. "बसून बसून पाय मेले माहे. आमच्यात पोरगीच वरात घेऊन जाते नवऱ्याच्या दारी. पन सासूनं हात देल्याबिगर पाय खाली ठेवत नाई."

आणि मग, महाराजा, आधी सुकलू हसला. त्याच्या हातून डोंगा सुटला, पोचू ढोलासकट पाण्यात बसला, आणि दोन्हीकडची माणसं अशी हसली की सुपारीवरच्या वानरानं बाशिंगाची आशा सोडली. कमळेनं तोंडाला पदर लावला. "अन् हे मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

"तू बसली होतीस ना," गुणवंतराव म्हणाला, आणि हसणाऱ्यांत जाऊन मिळाला.

सुगंधाबाईंनी औक्षण केलं. बुधरीनं टोपलं त्यांच्या कडेवर दिलं, लेकरू द्यावं तसं. नवरी नारळाच्या पायाशी लावली. अंतरपाट धरायला नानाजी पुढं झाले आणि गोंधळले. "बुवा, हा खाली धरू का वर?" बुवांनी मंगलाष्टकं धरली ती सरळ भजनावर नेली. टाळांचा ठेका वेगळा, ढोलाचा वेगळा; थोडा वेळ दोघं एकमेकांना अडखळले, मग कुठल्याशा विठ्ठलनामावर असे जुळले की फेर धरलेल्यांत गोंड कोण नि गावचं कोण, कळेना. पंख्याची झाडं वरून वारा घालीत होती. तांदूळ इतके उडाले की दुसऱ्या दिवशी चिमण्या उडेनात.

लच्छूनं घोस उतरवला. पहिला नारळ देवापुढं फुटला, पाणी पळीपळीनं तीर्थासारखं फिरलं. कुणाला थेंब मिळाला, कुणाला वास. सुगंधाबाईंच्या वाट्याची पळी त्यांनी आधी सुनेच्या मुळाशी ओतली. आणि बुधरीनं नवरीच्या पानांवरची उष्टी हळद पुसून सुगंधाबाईंच्या दोन्ही गालांना फासली, भरपूर, कानापर्यंत. पुसू दिली नाही.

ही आली प्रसादाची परात. उठण्याआधी एवढं करा. तुमच्या घरी लग्न निघेल, हळदीला कोणी हात लावायचा यावर बायका कुजबुजतील, तेव्हा बुधरीची आठवण ठेवा. तिनं कुणाला लेकरं किती, ते विचारलं नाही. सासू कोन, एवढंच विचारलं, आणि उत्तर येईस्तोवर डोंग्यात थांबली.