पुलाआधी पाच

आत्याने पान एकवीसवर बोट टेकवलं आणि ते चित्रातल्या एकेका डोक्यावरून पुढे नेलं. शेवटच्या डोक्यापाशी थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून.

मघाशी ती म्हणाली होती, "माझं नाक एवढं पसरट नव्हतं हं," आणि भाची हसली होती. आता नाकाचं नावही निघत नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकाची कच्ची छापील पानं पसरली होती. लढाई पेटल्यावर अकरा वर्षांची आत्या, तिची आई आणि दोन भाऊ पायी सीमेकडे निघाले, त्याची ही चित्रकथा, शाळकरी मुलांसाठी. आत्याने सांगायचं, भाचीने काढायचं, असं दीड वर्ष चाललं होतं. आत्याचा होकार घेऊन पाच वाजेपर्यंत पानं छापखान्यात पाठवायची होती.

"इथे चारच जण आहेत," आत्या म्हणाली.

"हो, ते मी दुरुस्त केलं." भाचीने उत्साहाने वही उघडली. कुठल्या चौकटीत कोण, कोणाच्या हातात काय, कोणाच्या पायात चप्पल, याचा तिने तक्ताच मांडला होता. "तू पुलाआधी पाच म्हणालीस आणि पुलानंतर चार. मी आधी तसंच काढलं. पण संपादकबाई म्हणाल्या, मुलं डोकी मोजतात, चूक लगेच पकडतात. मग एक कमी केलं. तुझं काय, चष्मा कपाळावर आणि तू शोधतेस घरभर."

घरातला हा नेहमीचा विनोद. आत्याचा हात सवयीने कपाळाकडे गेला. चष्मा डोळ्यांवरच होता.

"पण प्रत्येक वेळी पाचच म्हणाले असेन."

भाचीने तक्त्यात पाहिलं. तीन वेळा. तारखांसकट नोंद होती आणि प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'विसरली'. तिने त्यावर तळहात ठेवला.

"शेजारची होती," आत्या म्हणाली. "पाच वर्षांची. तिची आई अंथरुणाला खिळलेली. तिने पोरीचा हात माझ्या हातात दिला. आमच्या आईच्या नाही, माझ्या." ती घोटभर पाणी प्यायली. "पुलावर रेटारेटी झाली. दुसऱ्या हातात माझं दप्तर होतं."

दप्तर भाचीने मन लावून काढलं होतं. पुलाआधी, पुलावर, पुलानंतर. एकाही चौकटीत त्याचं बक्कल चुकलं नव्हतं.

"मग नीट सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं आणि विचारतानाच तिचे कान तापले.

"पाच म्हणायचे आणि थांबायचे. वाटायचं, विचारशील." आत्याने पानं गोळा करून टेबलावर ठोकून सारखी केली. "आज पुस्तकात ती दिसली नाही, तेव्हा खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. जाऊ दे. छान झालंय. पाठवून दे."

भाची उठली. कपाटातून तिने एकविसाव्या पानाचा मूळ कागद काढून आणला. खोडरबराने तिथली लव उठली होती. कागद उजेडात तिरपा धरला की पाचव्या डोक्याचा गोल अजून दिसत होता.

"केस कसे होते?"

आत्याने त्या गोलावरून बोट फिरवलं.

"कानाच्या वर कापलेले. उवा झाल्या होत्या."

तेवढ्यात फोन वाजला.

"साडेचार झाले गं," संपादकबाई म्हणाल्या. "आत्याबाईंनी काही चूक काढली का?"

"काढली. एकवीसवर पाच जण आहेत. बावीसवर चार."

"अगं, तीच तर आपण काढून टाकली ना? मुलं विचारतील, पाचवं डोकं गेलं कुठे?"

"विचारतील," भाची म्हणाली. "मी विचारलं नाही."

तिने फोन ठेवला आणि पेन्सिल उचलली. कागद हलू नये म्हणून आत्याने तो दोन्ही हातांनी धरला.