बरक्याचं नाव आलंच नाही

मी आखाती देशातल्या रुवी भागातल्या एका केटरिंग ऑफिसातली जुनी टॅबची कळ आहे. कीबोर्डाच्या डाव्या कडेला माझं बिऱ्हाड. अंगावरचे दोन बाण केव्हाच पुसलेत. हसू नका मित्रांनो, कामानं पुसलेत!

कारखान्यात घडले तेव्हा वाटलं होतं, कुणा कवीबिवीच्या घरी जाईन. नशिबी आल्या जेवणाच्या ऑर्डरी. इथून मजुरांच्या कॅम्पांना डबे जातात. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या चिपळूणच्या गजेंद्रनं त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना, लिहिली होती. ऑर्डरी पाहणारी नौशीन 'पाठव' असं टाइप करून पुढे कॅम्पचं नाव लिही, की स्वयंपाकघरात ऑर्डर निघे. पण नावं मेली हातभर लांब. एक अक्षर चुकलं की स्क्रिप्ट रुसून बसे.

"गजूभाई, ही नावं लिहून माझी बोटं वाकडी होतील हो!" नौशीन एकदा करवादली.

मग गजेंद्रनं सगळी नावं एका फाइलीत हातानं भरली आणि मला त्या फाइलीशी जोडून दिलं. "आता पहिली अक्षरं लिही आणि टॅब दाब," तो म्हणाला. तिनं दाबलं मात्र, अख्खं नाव धावत आलं! "या अल्ला, ही तर जादूच!" नौशीन म्हणाली. काय सांगू, मी अशी फुगले! तेव्हापासून दिवसभर टकटक माझ्यावरच.

पण विश्वास फार बसला की माणूस विचारायचं सोडतो. रमजानात दूरच्या बरका गावातल्या एका शेतावरच्या मजुरांना इफ्तारचं जेवण नव्यानं ठरलं. गजेंद्रनं स्क्रिप्टच्या फोल्डरात नाव चढवलं, माझ्या फाइलीत भरून मला सांगायचं मात्र राहिलं. नौशीननं 'बर' लिहून मला दाबलं. मी गप्प. मला ठाऊकच नाही, तर बोलणार कुठून?

"शेताचे मालक, अर्बाब, काल 'उद्यापासून, इन्शाल्ला' म्हणाले होते," ती स्वतःशीच पुटपुटली. "म्हणजे अजून पक्कं नसेल." आणि दुसऱ्या कामाला लागली.

दुपार कलल्यावर शेतावरच्या जुनैद मुकादमाचा फोन आला. "आपा, गाडी निघाली ना? पोरं सकाळपासून उन्हात राबलीत, सगळी रोज्याची आहेत. तुमच्या भरवशावर आज चूलसुद्धा पेटवली नाही."

नौशीनच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं मला बाजूला ठेवून नाव एकेक अक्षर करत हातानं लिहिलं. ऑर्डर लगेच गेली! स्वयंपाकघरात एकच धावपळ उडाली. ड्रायव्हर यासिर "यल्ला, यल्ला" करत गाडी घेऊन सुटला.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली तेव्हा गाडी वाटेतच होती. नौशीनचाही रोजा होता. तो तिनं एका खजुरावर सोडला, पण ताटाला हात लावेना.

"चूक माझी आहे, तू जेव बघू," गजेंद्र म्हणाला.

"त्यांचं पोचू दे आधी."

गजेंद्र खाली मान घालून कामाला बसला. हातानं भरलेली नावं त्यानं पुसली. आता दर वेळी मी स्वतःच स्क्रिप्टच्या फोल्डरात डोकावून यायचं, असं त्यानं मला शिकवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आलं जेवण, आपा. खजूर-पाण्यावर निभावलं तोवर," जुनैद म्हणाला. "पण पोरं हात धुऊन थांबलीत. म्हणतात, आपा जेवल्या का ते आधी विचारा."

नौशीनला रडूच फुटलं. रडत रडतच तिनं ताट पुढे ओढलं.

मित्रांनो, मला खुशाल दाबा. पण मी गप्प राहिले, तर एकदा तरी फोन करून विचारा. मला ज्याचं नाव येत नाही, त्यालाही भूक लागते.