देवजीच्या नावाचं मत

आणीबाणी लागून महिनाही झाला नव्हता, तेव्हा पोलिसांनी बोनकोड्याच्या देवजी म्हात्रेला घरातून उचललं. त्याचा गुन्हा एवढाच, की नव्या शहरासाठी भातशेती घेणाऱ्या कचेरीवर त्याने गावाचा मोर्चा नेला होता. तेव्हापासून तो ठाण्याच्या तुरुंगात होता, आणि त्याची बायको गोजरा मिठागरावर टोपल्या वाहून सासू नि दोन पोरींना जगवत होती.

सत्त्याहत्तरच्या मार्चात लोकसभेची निवडणूक आली. विरोधी पक्षांच्या आघाडीसाठी गंगाराम गावात फिरू लागला. मूळचा मराठवाड्याचा, तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला. तो म्हणायचा, "मतदान केंद्रावर बसायला एक माणूस द्या. आलेला मतदार खरा का खोटा, एवढंच ओळखायचंय."

पुरुष खाली मान घालून ऐकायचे आणि निघून जायचे. नव्या शहराच्या मातीच्या भरणीचा कंत्राटदार गोटीराम सगळीकडे सांगत सुटला होता, जो बसेल तो देवजीच्या शेजारी जाईल.

"मी बसतंय," गोजरा म्हणाली.

गंगाराम चपापला. "वहिनी, यादी वाचता येती का?"

"यादी साहेब वाचल. मानसांची तोंडं मी वाचतंय."

सासू सखूबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मतदानाच्या सकाळी मात्र तिने आपलं ठेवणीतलं लुगडं सुनेच्या पुढ्यात टाकलं. "बसायचंच तर नीट नेसून बस."

शाळेच्या खोलीत गोजरा बाकावर बसली. कारकून नाव पुकारायचा, माणूस पुढे यायचा, ती मान डोलवायची. दुपारपर्यंत काही झालं नाही. मग कारकुनाने पुकारलं, "देवजी कान्हा म्हात्रे!"

पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस शाई लावून घ्यायला बोट पुढे करून उभा राहिला. दारात गोटीराम होता.

गोजरा ताडकन उठली. "ह्यो तो नाय!"

"कशावरून?" केंद्राच्या साहेबांनी विचारलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको."

रांगेत हशा पिकला. साहेबांनी कागद ओढला. "हरकत लेखी घ्यावी लागेल. नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

गोजराच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. हळदीतला उखाणा सोडला तर तिने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रांगेत सासू उभी, जावा उभ्या, सगळं गाव उभं. गोटीराम हसत म्हणाला, "बाईला नाव घेवाला लाज वाटते, साहेब. पुढं घ्या."

"देवजी कान्हा म्हात्रे!" गोजरा ओरडलीच. "ठान्याच्या तुरुंगात हाय तो. चोरी नाय केली, जमीन राखली!" मग ती त्या माणसाच्या समोर जाऊन उभी राहिली. "आनी तू देवजी, तर सांग, माजं नाव काय?"

माणसाने दाराकडे पाहिलं. गोटीराम दारातून नाहीसा झाला होता.

"बोल ना! पंधरा वर्सं माज्या हातचं खाल्लंस, नाव नाय आठवत?"

आता रांग हसली ती वेगळंच हसली. शिपायाने त्या माणसाचं मनगट धरलं. मागून सखूबाईचा आवाज आला, "माजा पोर इतका काला नाय!"

दिल्लीतलं सरकार पडलं. वेगवेगळ्या पक्षांनी मोट बांधून नवं सरकार आणलं. देवजी सुटून आला, तेव्हा वेशीवर पहिला हार गोटीरामने घातला. तोही आता नव्या पक्षात होता. देवजी निम्मा झाला होता, पण डोळे लकाकत होते. "आता आपलं सरकार हाय," तो म्हणत राहिला.

हिवाळ्यात त्याच नव्या शहरासाठी मोजणीची माणसं साखळी घेऊन शेतात उतरली. देवजी धावला तो वामनरावांकडे. ते त्याच्याच बराकीत होते, आता पुढारी झाले होते. ते म्हणाले, "इतके पक्ष सांभाळायचेत, देवजी. जरा थांबा. आपल्याच सरकारला खाली बघायला लावू नका."

देवजीने घरी येऊन तेच सांगितलं. गोजराने ऐकून घेतलं.

"थांबाला मत नवतं दिलं मी," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

तासाभरात तीस बायका बांधावर होत्या. गोजरा साखळीवरच बसली. संध्याकाळी वामनराव जीपने आले. "गोजराताई, हे आपलंच सरकार आहे हो!"

"आपलं हाय, म्हनूनच बसलोय. परक्याला कोन सांगत बसतंय?"

देवजी जीपशेजारी उभा होता. तुरुंगात ज्याच्याबरोबर भाकरी वाटून खाल्ली, त्या माणसाकडे त्याने पाहिलं. मग चपला काढून शेतात उतरला आणि बायकांमध्ये जाऊन बसला. गोजराने त्याच्याकडे पाहिलं नाही, फक्त जरा सरकून जागा केली.

त्या दिवशी मोजणी झाली नाही. पुढे दीड वर्ष झाली नाही. एकोणऐंशीच्या जूनमध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात झाली, आणि गोजरा महिनाभरासाठी तुरुंगात गेली. ती सुटून आली त्याच आठवड्यात दिल्लीतलं सरकार कोसळलं.

"आता कोनाकडं जावाचा?" देवजीने विचारलं.

"जो येल त्याच्याकडं," गोजरा म्हणाली. "आनी तो नाय ऐकला, तर त्याच्या नंतरच्याकडं."